मारलं नाही, मग तक्रार कसली? या प्रश्नाचं कागदावरचं उत्तर

मी कोल्हापूरच्या कोर्टाच्या आवारात टायपिंग करते. सुरुवात सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाबाहेर झाली. कोर्ट कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात गेलं तशी आम्ही टायपिस्ट मंडळीही तिकडं गेलो. वीस वर्षं झाली. मी वकील नाही आणि वकिलाचं काम करत नाही. पण पोटगीचे, फारकतीचे, डीव्हीचे म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज टाइप करून करून कुठला अर्ज उभा राहतो आणि कुठला लंगडा पडतो हे कळायला लागतं. त्यातला एक लंगडा अर्ज माझा स्वतःचा होता, म्हणून हे लिहायला बसले.

२००९ साली मी पहिल्यांदा पोलीस चौकीत गेले. टेबलामागच्या माणसानं विचारलं, "मारलं का?" मी म्हटलं, नाही. "पितो?" नाही. "बाहेर काही भानगड?" नाही. "मग बाई, तक्रार कसली लिहू? घरोघरी मातीच्या चुली." मी उठून घरी आले आणि रात्रीचा स्वयंपाक केला.

मला दोन मुली. धाकटी झाल्यापासून पाहुण्यांसमोर, जेवणाच्या ताटावर, रस्त्यात नवऱ्याकडून एकच वाक्य ऐकायचं, "हिनं माझ्या गळ्यात दोन धोंडी बांधल्या." मग महिना महिना अबोला. मी टाइप केलेले पैसे महिन्याअखेर मोजून घ्यायचे आणि रिक्षाला दहा रुपये मागितले तर सासूला विचारायला लावायचं. माझ्या अंगावर एक वळही नव्हता.

त्या चौकीतल्या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि रोज हेच टाइप करत असूनही मला स्वतःसाठी उमगलं नव्हतं, की कायदा तेव्हा तीन वर्षांचा झाला होता. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण अधिनियम २००५ सालचा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये हिंसेचे प्रकार दिले आहेत. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. अपमान करणं, हिणवणं, नावं ठेवणं, आणि खास करून मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून घालून पाडून बोलणं, हे तिथं शब्दांत लिहिलेलं आहे. आपल्या जवळच्या माणसाला इजा करीन अशी पुन्हा पुन्हा धमकी देणंही त्यात येतं. पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन दाबून ठेवणं ही आर्थिक हिंसा. आणि आपण तर कोल्हापूरचे. या संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ सालीच बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. तेव्हा "हे तर घरोघरी चालतं" असं कुणी म्हटलं तर मान खाली घालू नका.

माझी चूक

माझ्या वकिलांनी एका जुन्या अर्जाचा मसुदा माझ्यासमोर टाकला आणि नावं बदलून टाइप करायला सांगितलं. मी केलं. त्यात वाक्य होतं, "जाबदार हा दारू पिऊन अर्जदार हिस वारंवार मारहाण करीत असे." माझा नवरा सुपारीसुद्धा खात नव्हता. मी वकिलांना म्हटलं, हे खरं नाही. ते म्हणाले, असं घातल्याशिवाय अर्जाला वजन येत नाही. उलटतपासात समोरच्या वकिलांनी तेवढं एकच वाक्य धरलं. दारू कुठली, कोणत्या दुकानातली, कधी पाहिली? मी खरं ते सांगितलं, तो पीत नाही. मग त्यांनी कोर्टाला विचारलं की हे वाक्य खोटं, तर बाकीचं खरं कशावरून? धोंडीचं वाक्य, अबोला, पैशाचा हिशेब, हे सगळं अक्षरन् अक्षर खरं होतं. पण अर्जात त्याला मिळून एक ओळ होती, "मानसिक छळ केला."

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच. उसनं वाक्य घेऊ नका. तुमच्या घरात जे घडलं तेच, तुमच्या घरातल्या शब्दांत, तारखेनिशी लिहा. वकिलाकडं जायच्या आधी लिहा.

कॅलेंडर

गेल्या वर्षी कागलकडची एक वहिनी आली. हातात पिशवी, पिशवीत भिंतीवरचं कॅलेंडर, गुंडाळून दोऱ्यानं बांधलेलं. तिच्या घरी दोन म्हशी. डेअरीला रोज किती दूध घातलं ते ती तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं मांडायची, वर सकाळचं, खाली संध्याकाळचं. मी पानं उलटली तर काही चौकटींच्या कोपऱ्यात बारीक ठिपका आणि काहींत फुली. विचारलं, हे काय? ती म्हणाली, "बोलला न्हाई त्या दिवशी ठिपका. लई बोलला त्या दिवशी फुली." आणि दुधाचं बिल आलं त्या दर तारखेला एक गोल होता. बिल नवरा घ्यायचा, तिला त्यातलं काही मिळालं नाही, म्हणून तो गोल रिकामा.

तिनं सोबत आणलेल्या कागदावर कुणीतरी लिहून दिलं होतं, "जाबदार यांनी अर्जदार हिचा वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ करून तिला क्रूर वागणूक दिली." मी तो कागद बाजूला ठेवला आणि ऑगस्टचं पान तिच्यासमोर धरलं. नागपंचमीला फुली का आहे? ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. तिच्या वकीलबाईंनी नंतर त्यात फार बदल केला नाही. साधारण असं झालं:

"ता. ९ ऑगस्ट २०२४, नागपंचमी. दुपारी स्वयंपाकघरात माझी नणंद व शेजारच्या काकू बसलेल्या होत्या. पुरणात वेलदोडा कमी पडला म्हणून नवऱ्यानं ताट सरकवलं व म्हणाला, 'तुझ्या बापानं तुला आमच्या गोठ्यात बांधायला दिलंय, चुलीपाशी न्हवं.' त्या दिवसापासून ता. २४ सप्टेंबरपर्यंत, ४६ दिवस, तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. या काळात गणपती आले, गौरी जेवल्या. काही सांगायचं असल्यास तो माझ्या सहा वर्षांच्या मुलाला म्हणे, 'तुझ्या आईला सांग, ताट वाढ म्हणावं.' मुलगा आता मला आई म्हणताना अडखळतो."

शेवटची ओळ टाइप करताना ती गप्प झाली. मी थांबले. पाणी दिलं. असं लिहून घेताना घाई करू नये, एका बैठकीत पुरं होत नाही.

तुम्ही लिहाल तेव्हा प्रत्येक प्रसंगाला तारीख घाला. तारीख आठवत नसेल तर सणावरून, मुलाच्या परीक्षेवरून, जोतिबाच्या यात्रेवरून, उसाच्या तोडीवरून महिना धरा आणि "सुमारे" असं लिहा. अंदाजे असेल ते ठामपणे लिहू नका. जागा लिहा, समोर कोण होतं ते लिहा. बोलणं जसंच्या तसं लिहा, शिवी असली तरी. बायका शिवी सांगायला लाजतात आणि "घाणेरडं बोलला" एवढंच लिहून थांबतात. कोर्टाला घाणेरडं म्हणजे काय ते कळत नाही. आणि त्यानंतर तुमचं काय झालं ते लिहा. झोप गेली, जेवण तुटलं, कामावर खाडा झाला, हात थरथरले.

डॉक्टरकडं गेलात तर कारण सांगा. डोकं दुखतं, झोप येत नाही एवढं सांगून गोळ्या घेऊन येऊ नका. घरात काय चाललंय ते सांगितलंत तर केसपेपरवर त्याची नोंद होते. सीपीआरमध्ये मनाच्या आजाराची ओपीडी आहे, तिथला केसपेपर जपून ठेवा. दोन-तीन वर्षांपूर्वीचा असा एक कागद पन्नास तोंडी वाक्यांपेक्षा जास्त बोलतो. आणि मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर अर्ज वगैरे सगळं नंतर. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, फुकट आहे. आधी तिथं बोला, किंवा ज्या माणसाजवळ रडता येतं त्याच्याकडं जाऊन बसा.

मोबाईलवरचे मेसेज पुसू नका. संताप येतो, वाटतं डोळ्यांसमोर नको, तरी पुसू नका. स्क्रीनशॉट घेताना वर नंबर आणि तारीख दिसू द्या. मूळ फोन विकू नका, बदलायला देऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं मोबाईलमधल्या पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, पूर्वी त्याला "पासष्ट बी" म्हणायचे. वकिलांना त्याची आठवण करा. चांगला पुरावा या एका कागदावाचून अडलेला मी पाहिला आहे. फोनवरचं किंवा घरातलं बोलणं न सांगता रेकॉर्ड केलं तर चालतं का, हे प्रत्येक बाई विचारते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवरा-बायकोच्या खटल्यात असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येतं असं सांगितलं आहे. मात्र मुद्दाम डिवचून रेकॉर्ड करू नका, पूर्ण ऐकवलं की ते तुमच्यावरच उलटतं. आणि मधलं कापून तर अजिबात नको.

तुमचा फोन नवरा बघत असेल, तर यातलं काही फोनमध्ये ठेवू नका. वहीत लिहा आणि वही माहेरी, मैत्रिणीकडं, कामाच्या ठिकाणी ठेवा. आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले, पासबुक, आणि गुजरीतल्या सराफाच्या दागिन्यांच्या पावत्या, हे हळूहळू बाहेर काढा. पावती नसेल तर अंगावर दागिने दिसणारा लग्नातला फोटो चालतो. घर सोडायची वेळ अचानक येते आणि तेव्हा बाई फक्त मुलं उचलते.

पहिलं दार कुठलं

माझ्या मते डीव्हीचं. कारण त्यासाठी लग्न मोडावं लागत नाही, नवऱ्याला तुरुंगात घालावं लागत नाही, घरही सोडावं लागत नाही. कितीतरी जणींना एवढंच हवं असतं की हे थांबावं. धर्म कुठलाही असो, कायदा एकच.

वाट दोन आहेत. एक, संरक्षण अधिकारी. महिला व बालविकास विभागाचा हा अधिकारी तुमचं ऐकून कौटुंबिक घटना अहवाल तयार करतो, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात, आणि तो कोर्टात पाठवतो. याला फी नाही. तिथंही आपली वही पुढं ठेवा, कारण अहवालातल्या भावनिक हिंसेच्या भागात नुसती खूण होऊन चालत नाही, खाली तपशील यायला हवा. लिहून झालं की वाचायला मागा. दुसरी वाट, वकिलामार्फत थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं कलम १२ चा अर्ज. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हे १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच आहे. नोकरी करणाऱ्या बायकाही मागू शकतात. १५१०० वर फोन केला तरी रस्ता सांगतात. मोफतचा वकील म्हणून त्याच्यासमोर दबून राहू नका, अर्ज सही करायच्या आधी पूर्ण वाचा. वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या.

माहेरी आला असाल तर तिथल्या तालुक्याच्या कोर्टातही अर्ज चालतो. तुम्ही तात्पुरत्या राहता, नोकरी करता, ती जागाही धरली जाते. सासर पुण्याला असलं तरी गडहिंग्लजच्या लेकीला पुण्याच्या फेऱ्या मारायची गरज नाही.

अर्जात काय मागायचं इथं फार बायका कमी पडतात. फक्त पोटगी मागतात आणि थांबतात. कलम १८ खाली छळ थांबवण्याचा, कामाच्या ठिकाणी किंवा मुलांच्या शाळेत येऊन तमाशा करू नये असा आदेश मागता येतो. कलम १९ खाली घरात राहण्याचा हक्क आणि स्त्रीधन परत. घर सासूच्या नावावर आहे म्हणून तुम्हाला काढता येत नाही. सासरच्यांच्या नावावरचं पण तुम्ही जिथं संसार केला ते घरही "सामायिक घर" असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे. तुम्हाला घराचा मालकी हक्क मिळत नाही, पण रीतसर कायद्याची वाट सोडून कुणी बाहेर काढू शकत नाही. कलम २० खाली खर्च, २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा. आणि कलम २२. हे मी वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. मानसिक यातना आणि भावनिक त्रास यांची भरपाई, असे शब्द त्यात आहेत. तुमच्या रडण्याची किंमत करा असं कुणी म्हणत नाही, पण कायदा म्हणतो की त्या दुखापतीची भरपाई मागता येते. मागितलीच नाही तर कोर्ट आपणहून देईल याची वाट बघू नका.

अर्जासोबत कलम २३ चं शपथपत्र हवंच. त्यावर अंतरिम म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश होतो, गरज असेल तर समोरच्याला ऐकण्याआधीही. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत करायचा प्रयत्न असं म्हटलेलं आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात. समोरचा "से" म्हणजे लेखी म्हणणं द्यायला वेळ मागतो, वकील बदलतो, नोटीस बजावली जात नाही. म्हणून अंतरिम आदेशावर जोर द्या, खरा श्वास तिथं मिळतो. आदेशाची प्रत फुकट मिळते. एक प्रत पोलीस ठाण्यात पोचवून पोच घ्या, एक पर्समध्ये ठेवा. संरक्षणाचा आदेश मोडला तर तो कलम ३१ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चौकीतल्या "मारलं का" या प्रश्नाला ही प्रत उत्तर देते.

जुनी गोष्ट आहे, आता उशीर झाला असंही अनेकींना वाटतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कलम १२ च्या अर्जाला एक वर्षाची मुदत लागू होत नाही.

पोलिसांत कधी जायचं

ज्याला सगळे चारशे अठ्ठ्याण्णव म्हणतात ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. यात क्रूरतेची व्याख्या डीव्हीपेक्षा कडक आहे. बाईला जीव द्यायला लावेल किंवा तिच्या शरीराला, मनाच्या आरोग्याला गंभीर इजा होईल असं जाणूनबुजून केलेलं वागणं, किंवा हुंड्यासाठी, पैशासाठी छळ. मनाचं आरोग्य हे शब्द त्यात आहेत, तेव्हा मानसिक छळाची फिर्याद होऊ शकते. पण नुसते टोमणे पुरत नाहीत. इथं डॉक्टरांचे कागद, धमक्यांचे मेसेज, तुम्ही कुणाला कधी सांगितलंत, हे सगळं लागतं. फिर्यादीला तीन वर्षांची मुदत आहे, तिचं भान ठेवा. माहेरच्या गावीही फिर्याद देता येते, २०१९ चा निकाल आहे. ठाण्यानं घेतली नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, पावती ठेवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं. अदखलपात्र नोंद करून परत पाठवलं तरी त्या नोंदीची प्रत घेऊन या, पुढं तारीख सिद्ध करायला ती उपयोगी पडते.

एक कळकळीनं सांगते. रागाच्या भरात सगळं घर फिर्यादीत घालू नका. परगावी राहणारी नणंद, वर्षातून एकदा येणारा दीर, नव्वदीची आजेसासू. मोघम आरोप म्हणून सर्वोच्च न्यायालयानं अशा नातेवाइकांवरची प्रकरणं पुन्हा पुन्हा रद्द केली आहेत, आणि त्या धुरात खऱ्या माणसावरचा खरा आरोपही अंधुक होतो. माझ्या अर्जात एका दारूच्या वाक्यानं काय केलं ते वर सांगितलंच. फिर्याद दिली की लगेच अटक होते असंही समजू नका, आधी नोटीस काढून चौकशी होते.

पोलिसांच्या महिला कक्षात समुपदेशनाला बोलावतात. चांगल्या बाई भेटल्या तर तिथं खरंच मार्ग निघतो. पण "समजूत पटली, तक्रार नाही" असा जबाब पुढं सरकवला तर न वाचता सही करू नका. तुमची इच्छा नसेल तर तसं लेखी द्या. अंगावर येण्याची भीती असेल तेव्हा मात्र समुपदेशनाची वाट बघू नका, ११२ लावा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, राहायला जागा नसेल तर सखी वन स्टॉप सेंटरची माहिती तिथून मिळते.

पोटगी आणि फारकत

पूर्वीचं "एकशे पंचवीस" आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. डीव्हीत पैसे मागितले असले तरी हाही अर्ज करता येतो, फक्त आधीच्या अर्जाची माहिती लपवू नका, कारण एकाच काळाची रक्कम दोनदा मिळत नाही. २०२० पासून दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. नवऱ्याची शेती, म्हशी, भाड्याचा गाळा, गाडीचा हप्ता, जे माहीत आहे ते आधी टिपून ठेवा.

घटस्फोटाला हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे कारण १९७६ च्या दुरुस्तीनं आलं. मानसिक क्रूरता त्यात येते. १९७५ चा दास्ताने निकाल, पुण्याच्या एका जोडप्याचा, वकील अजूनही दाखवतात. खुनाच्या खटल्यासारखा निर्विवाद पुरावा इथं लागत नाही, कुठली बाजू जास्त संभवनीय हे बघतात, असं त्यात सांगितलं. २००७ मध्ये समर घोष निकालात सर्वोच्च न्यायालयानं मानसिक क्रूरतेची उदाहरणंच दिली. रोजच्या संसारातली किरकोळ कुरबुर त्यात येत नाही, पण दीर्घकाळ चाललेलं हिणवणं, थंड दुर्लक्ष आणि बेपर्वाई येते. वहिनीचे ४६ ठिपके मला तिथं आठवतात. लगेच लग्न मोडायचं नसेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली न्यायिक विभक्तता मागता येते. मुस्लिम बहिणींसाठी १९३९ च्या कायद्यात अंगाला हात न लावता वागणुकीनं जगणं नकोसं करणं हे फारकतीचं कारण म्हणून लिहिलेलं आहे.

माझ्या टेबलाशी पुरुषही येतात. शिरोलीच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक जण आला होता, बायको त्याला मुलांसमोर रोज नेभळट म्हणायची आणि विष घेईन म्हणून धमकवायची. डीव्हीचा कायदा नवऱ्याला बायकोविरुद्ध वापरता येत नाही. पण मानसिक क्रूरतेवरून घटस्फोट किंवा विभक्तता त्यालाही मागता येते, आणि पुरावा जमवायची रीत तीच, वही आणि तारखा.

बाई माहेरी आली की बऱ्याचदा नवऱ्याकडून नांदायला येण्याचा दावा किंवा नोटीस येते. पोस्टमनला परत पाठवू नका. नोटीस नाकारली तरी बजावणी झाली असं धरतात आणि निकाल एकतर्फी लागतो. घ्या, तारीख बघा, वकिलाकडं जा, उत्तरात आपले प्रसंग लिहा.

तारखेला

लवकर या. पुकारा झाला आणि तुम्ही चहाला गेलात तर प्रकरण पुढं जातं. एकट्या येऊ नका, बहीण, मावशी, कुणीतरी बाकावर शेजारी हवं, कारण सासरची माणसं त्याच व्हरांड्यात उभी असतात. डीव्हीचं कामकाज बंद दाराआड घ्यावं अशी विनंती करता येते. उलटतपासात हमखास विचारतात, "एवढा छळ होता तर पाच वर्षं गप्प का बसलात?" मुलांसाठी, माहेरच्या गरिबीसाठी, त्याच्या वचनाला भुलून, जे खरं कारण असेल ते एका वाक्यात सांगा. रडू आलं तर पाणी मागा. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. मी तेव्हा आठवत नसतानाही हो म्हणत गेले.

तडजोडीची पुरशीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, पुढं आली तर घरी नेऊन वाचायला वेळ मागा. "यापुढं नीट वागवीन" एवढ्यावर केस मागं घेऊ नका. वेगळी चूल, दरमहा खात्यावर रक्कम, आणि मोडल्यास काय, हे लिहून घ्या. निकाल विरुद्ध गेला तर डीव्हीत तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील आहे. त्यापुढं उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर ऑगस्ट २०२५ पासून आपल्या इथंच सर्किट बेंच आहे, सीपीआरसमोरच्या त्याच जुन्या इमारतीत, जिथं मी टायपिंगला सुरुवात केली. मुंबईची रात्रीची गाडी आता धरावी लागत नाही.

वहिनीचा अंतरिम आदेश झाला. दुधाच्या बिलातला हिस्सा तिच्या खात्यावर आणि घरातल्या दोन खोल्या तिला. मुख्य प्रकरण अजून चालू आहे. पुराव्याच्या वेळी मूळ कॅलेंडर कोर्टात जमा करावं लागेल, त्यावर निशाणी म्हणजे पुराव्याचा नंबर पडेल आणि मग ते प्रकरणाच्या बाडात राहील, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. तिला त्याच पानांवर मुलाच्या लसीच्या तारखा, म्हैस कधी विणार ते, आईच्या वर्षश्राद्धाची तिथी असं सगळं लिहिलेलं होतं. म्हणून आम्ही बारा पानांचे पुढून-मागून फोटो काढले, रंगीत झेरॉक्स केल्या. तुमचीही वही, कॅलेंडर, डायरी जमा करायच्या आधी एवढं करा. राहिलंच तर नकलेच्या विभागात अर्ज देऊन प्रमाणित प्रत मिळते, अर्जात निशाणीचा नंबर घालायला विसरू नका.